पांढऱ्या ठिपक्यावरची चार पानं

यादव सांगळ्यांना आयुष्यात फारसं काही मिरवता आलं नाही, पण एक गोष्ट ते येईल त्याला ऐकवत. त्यांच्या हातून दुरुस्त झालेलं मशीन तक्रार घेऊन परत येत नाही. सिन्नरहून नाशकात आले तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. आज सदुसष्टावं चालू आहे, आणि या सगळ्या वर्षांत त्यांनी टाइपरायटरखेरीज कशाला हात लावलेला नाही. सीबीएस बसस्थानकाजवळच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानामागे त्यांची खोली. टायपिंगच्या परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, कचेऱ्यांतली मशीनं भंगारात निघाली, "मामा, आता मोबाइल रिपेरिंग शिका" असं सांगून शेजारी दमले. मामा ढिम्म. अलीकडे गंगापूर रोडवरच्या हौशी मंडळींना दिवाणखान्यात मांडायला जुनी मशीनं हवी असतात. मामा ती लखलखीत करून देतात, पण चिडचिड करत. "ज्याच्यावर कोणी एक ओळ बडवणार नाय, ते मशीन कशाला? त्यापेक्षा फुलदाणी घ्या की," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणतात. गिऱ्हाइकं हसतात. मामांना मात्र ते मनापासून वाटतं.

म्हणून इंदिराबाई गायधनी मशीन घेऊन आल्या तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या टेलिफोन ऑपरेटर, जन्मापासून अंध. त्यांचा नेहमीचा रिक्षावाला सुनील मराठी टाइपरायटर पोटाशी धरून पुढे, आणि मागे काठी टेकत बाई.

"सांगळे, हे शोभेला नकोय मला," खुर्चीत बसता बसता बाई म्हणाल्या. "पत्रं लिहायची आहेत."

"आजकाल पत्रं कोणाला?"

"चंद्रभागेला. बँकेत आवक-जावक बघायची, आता दिंडोरीला मुलाकडे असते. तिचे कान पार गेलेत. मी टाइप करून पाठवते, ती वाचते, मग मला फोन लावते आणि एकटीच तासभर बोलते. मी नुसती ऐकते. सहा वर्षं झाली."

"तुमच्या सूनबाईंकडून मोबाइलवर लिहून घ्यायचं मग."

"घेईन की. पण सूनबाईबद्दलचं कोण लिहून देणार?"

मामा असे हसले की झेरॉक्सवाला डोकावून गेला. बाई मात्र गंभीर झाल्या. मशीन दोन महिने बंद होतं. चंद्रभागेच्या मुलाच्या फोनवर निरोप ठेवला, पण द्राक्षांच्या छाटणीच्या गडबडीत तो विसरला असणार. कारण चंद्रभागा फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होती, "इंदे, माझं काही चुकलं का?" आणि तिला उत्तर द्यायला बाईंकडे दुसरा मार्ग नव्हता.

मामांनी तीन आठवडे त्या मशीनला वाहून घेतलं. एकेक दांडी सोडवून रॉकेलने धुतली, रोलरवर नवं रबर चढवलं, तुटलेली स्प्रिंग दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढून बसवली. ओळ संपताना वाजणारी घंटी तर बाईंसाठी खास खणखणीत केली, कारण कागदाची उजवी कड जवळ आली हे त्यांना तिच्यावरूनच कळायचं. मशीन घरी पोचवून आल्यावर त्या दिवशी त्यांनी स्वतःला एक जिलेबी जास्त दिली.

पंधरा-वीस दिवसांनी बाई पुन्हा दारात. सोबत सुनील, त्याच्या हातात मशीन.

"तक्रार नाही हो," बाई घाईघाईने म्हणाल्या. "नीट उमटतंय ना, तेवढं बघा. चार पानी पत्र पाठवून बारा दिवस झाले, तिचा फोन नाही. शेवटी मुलाला विचारलं. म्हणाला, आई ठणठणीत आहे, पण तुमचं नाव काढलं की उठून आत जाते."

मामांनी मशीन पुढे ओढलं. रिबनचा खटका पांढऱ्या ठिपक्यावर होता.

मशीनच्या बाजूला तीन ठिपके असतात. काळ्यावर खटका ठेवला की शाईच्या रिबनची वरची पट्टी छापते, तांबड्यावर खालची. पांढऱ्यावर रिबन जागची हलत नाही, अक्षर कोरडंच कागदावर आपटतं. शेवटच्या तपासणीत रिबन उगाच झिजू नये म्हणून मेकॅनिक लोक पांढऱ्यावर ठेवून बडवतात. मामांनी तेच केलं होतं, आणि खटका परत फिरवायचा राहिला होता. डोळस गिऱ्हाइकाने पहिल्याच अक्षराला ओरड केली असती.

आता खटका काळ्यावर सरकवायला एक बोट पुरे होतं. बाईंना दिसणार नव्हतं, सुनील मोबाइलमध्ये होता. "मशीन झकास हाय, पोस्टात गहाळ झालं असंल," एवढं म्हटलं की मामांची आयुष्यभराची कमाई शाबूत. ते वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं, खोटं कशाला सांगू. पण बाई कान देऊन बसल्या होत्या, आणि त्या चेहऱ्यापुढे त्यांना ते बोलवेना.

"बाई, चूक माझी हाय," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी हात पुढे करून तो खटका चाचपला. "आवाज जरा कडक वाटला होता. म्हटलं नवं रबर. कागदाच्या मागून बोट फिरवलं, तर अक्षरं लागत होती."

"लागणारच. खोल उमटलीत. पण कोरडी."

"म्हणजे तीन महिने गप्प बसून मी तिला चार कोरी पानं पाठवली." बाई म्हणाल्या. "तिने काय समजायचं, सांगळे? आता माझं पाकीट तरी फोडेल का ती?"

मामा रागावले ते स्वतःवर. दुकानाला कुलूप घातलं, बाईंकडून पत्ता घेतला, वही आणि एक शिसपेन्सिल घेतली आणि दिंडोरीची एसटी पकडली.

चंद्रभागाबाई घरापुढच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मामांनी वहीत लिहून दाखवलं: नाशिकहून आलो, इंदिराबाईंचा मेकॅनिक.

"तिला म्हनावं, समजलं मला," बाई कडाडल्या. ऐकू येत नसल्याने त्यांचा साधा आवाजही गल्लीभर जायचा. "बोलायचं नव्हतं तर नव्हतं. कोरे कागद धाडून लाज कशाला काढायची मानसाची?"

मामांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: चूक माझी. ती पानं कोरी नाहीत. घेऊन या.

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग उठल्या आणि आतून पानं घेऊन आल्या. घडीसकट नीट ठेवली होती, रागावूनही फाडली नव्हती. मामांनी पहिलं पान वहीवर ठेवलं, पेन्सिल आडवी धरली आणि वरच्या कोपऱ्यात हलक्या हाताने घासली. कागद करडा होत गेला आणि खोल गेलेली अक्षरं तेवढी पांढरी राहिली. "प्रिय चंद्रे," एवढं दिसलं आणि मामा थांबले. पुढचं त्यांच्यासाठी नव्हतं. पेन्सिल बाईंच्या हातात देऊन ते पाठ फिरवून द्राक्षांच्या बागेकडे बघत बसले.

मागे पेन्सिल खसखस चालत होती. मध्येच थांबायची, मग जोरात. एकदा हुंदका आल्यासारखं वाटलं, आणि लगेच बाई खदखदून हसल्या. बहुतेक सूनबाईचा मजकूर लागला असावा.

पान संपलं तशी बाईंनी फोन काढला, नंबर दाबला आणि बोटांवर दहा मोजले. पलीकडून उचलल्याचं कळायची सोय नाही, म्हणून त्या दहा मोजून बोलायला लागत.

"इंदे, मी बोलते. येडी गं मी, येडी! एक पान झालं, तीन राह्यलेत. मी घासतेय, तू फोन ठिऊ नको." असं म्हणून त्यांनी फोन मामांशेजारी ठेवला आणि दुसरं पान पुढे ओढलं.

फोनमधून बारीक आवाज येत होता. चंद्रभागाबाईंना तो कधीच ऐकू येणार नव्हता. मामांनी कान लावला, मग खिशातलं पेन काढून वहीत लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली.

"ती म्हणतेय, सावकाश घास. मी कुठे जात नाही."