अकरावी टिकली

माझी मामी सालेकशाकडच्या जंगलात तेंदूपानं तोडते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या पायात खुंट शिरला आणि महिन्याभरात पाऊल सुजून काळं पडलं. तिला गोंदियाला मी काम करते त्याच दवाखान्यात आणलं. दोन औषधं देऊन झाली, ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, "लागू पडणारं औषध लवकर सापडलं नाही, तर पाय काढावा लागेल."

ते शोधायचं होतं मला, कारण जंतू वाढवून तपासायचं काम माझंच. मी मामीला विचारलं, आधी कोणती औषधं घेतलीस?

"घेतली नाई, लावली." किराणा दुकानातल्या कॅप्सूल फोडून ती पूड जखमेवर टाकायची. बरं वाटलं की बंद, ठणकलं की पुन्हा सुरू.

"काऊन वो मामी?"

"जखम पायाले हाय. पोटात टाकून का करू?"

तिचं म्हणणं ऐकायला इतकं बरोबर होतं की मला जास्तच राग आला. अशा अर्ध्यामुर्ध्या औषधाने कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि मग त्यांचंच राज्य.

जखमेतल्या पुवातले जंतू वाढवून मी ते काचेच्या थाळीत पसरले आणि वर एकेका औषधात भिजवलेल्या अकरा कागदी टिकल्या ठेवल्या. औषध लागू असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल उरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थाळी उचलली. पहिल्या टिकलीभोवती जंतूंची साय. दुसरी तशीच. मामीच्या कॅप्सूलमधल्या औषधाच्या टिकलीला तर जंतू अगदी चिकटून बसलेले. दहावी टिकलीही तशीच, माझा जीव टांगणीला लागला. अकरावीभोवती मात्र रुपयाएवढा लख्ख गोल! पट्टीने मोजला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजला, मोबाइलवर फोटो काढला आणि वॉर्डाकडे पळत सुटले. शाळेतल्या दहावीच्या निकालालाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

जखम साफ करून त्याच औषधाची इंजेक्शनं सुरू झाली. चौथ्या दिवशी ताप उतरला. तीन आठवड्यांनी मामी काठी टेकत, पण दोन्ही पायांवर, माझ्या टेबलाशी आली. मी फोटो दाखवला, तिच्या कॅप्सूलची टिकली बोटाने दाखवली.

"म्हणजे मी किड्याईले पोसून राहिली होती?"

"हो."

तिने कमरेची पिशवी सोडली आणि कॅप्सूलची अर्धी पट्टी माझ्यापुढे ठेवली.

"हे ठेव तुह्याजवळ. नातीच्या फोडाले लावाले जपून ठेवली होती."