मोठ्याला दे

गेल्या हंगामात बहुतेक रविवारी दुपारी माझ्या माहेरी, दौंडला, एकाच गोष्टीवर वाद चालायचा: आपल्या पोराचा संघ गोल का करत नाही. पोरगा म्हणजे माझा मुलगा, वय बावीस. पुण्याच्या एका व्यावसायिक फुटबॉल संघात तो फॉरवर्ड खेळत होता. सामना मोबाइलवर यायचा, माझा मोठा भाऊ तो टीव्हीवर घ्यायचा आणि पाच-सहा पुरुष सोफ्यावर, खुर्च्यांवर, दाराच्या उंबऱ्यात बसून नव्वद मिनिटं बघायचे. मग दोन तास बोलायचे. चहा मी आणि भावजय करायचो.

त्या बोलण्याचा मला राग यायचा. अजून येतो.

भावाचं म्हणणं, प्रशिक्षक बाहेरचा, त्याला आपल्याकडची पोरं कळत नाहीत. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, होस्टेलवर धड जेवायला मिळत नाही, मग अंगात रग कुठून येणार. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ मैदानाला दोष द्यायचे. प्लास्टिकच्या गवतावर बॉल थांबत नाही म्हणे. समोरचा संघ त्याच गवतावर खेळून दोन गोल मारून गेला, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, त्यातलं टेक्निकल तुम्हाला न्हाई कळायचं." आणि रिकामा कप माझ्या हातात दिला.

मी शिरूरजवळ एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. माल कमी पडला की तिथंही आधी असंच होतं. प्रत्येक खात्याचा माणूस येऊन छातीठोकपणे कारण सांगतो. मी मान हलवते आणि कोणाचंच ऐकत नाही. आवक बघते, जावक बघते, मग माल कुठल्या फळीवर अडकला ते शोधते. तो कुठल्या ना कुठल्या फळीवर असतोच.

तिसऱ्या सामन्याला मी वही घेऊन बसले. चार रकाने आखले: मिनिट, बॉल कोणाकडे, त्यानं कोणाला दिला, पुढं काय झालं. बॉल मधल्या रेषेच्या पलीकडे गेला की लिहायचं, अलीकडे आला की पेन खाली. भावानं दोन मिनिटं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता बॉलचा पण गेटपास करायला लागली ही." सगळे हसले. नवरा सगळ्यात जास्त. मी लिहीत राहिले.

हंगामाचे चार सामने उरले असताना, एका बुधवारी, मुलाचा फोन आला. पहिलं वाक्य होतं, "आई, मामाला सांगू नको." प्रशिक्षकानं तिघा तरुण फॉरवर्डना बोलावून सांगितलं होतं की पुढच्या वर्षासाठी त्यांच्यातला एकच ठेवणार. माझ्या मुलाचा अख्ख्या हंगामात एकही गोल नव्हता. या खेळासाठी त्यानं डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं होतं आणि ते मी सोडू दिलं होतं. बावीस वर्षांचा, गोल न केलेला फॉरवर्ड दुसऱ्या कुठल्या संघाला हवा असतो, हे विचारायची मला गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी वही उघडली. संघ हल्ला करत नव्हता असं अजिबात नव्हतं. बॉल गोलसमोरच्या चौकोनात, बॉक्समध्ये, नेमानं पोहोचत होता. इतर कोणाहीजवळ तो फार वेळ थांबत नव्हता. अडकत होता तो माझ्या मुलापाशी. सात वेळा माझ्या मुलाच्या पायात बॉल होता आणि समोर फक्त गोलकीपर होता. सातही वेळा माझ्या अक्षरात तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता: कॅप्टन.

कॅप्टन चौतिशीचा, नावाजलेला, आता गुडघ्यांनी जरा जड झालेला. बॉल त्याच्यापर्यंत जाईपर्यंत दोन बचावपटू येऊन उभे राहायचे. मी संध्याकाळी जुने सामने मोबाइलवर परत लावून पाहिले. वही बरोबर होती. माल माझ्याच फळीवर अडकला होता.

पुढच्या रविवारी मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून वरवंड, पाटस करत दौंडला पोहोचले ती वही पर्समध्ये घेऊनच. तो सामनाही पोरं हरली. चहा व्हायच्या आत मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि सातही वेळा वाचून दाखवल्या. आठवी त्याच दिवशी झाली होती, तीही वाचली.

मला वाटलं होतं, कोणी तरी खजील होईल. भाऊ सोफ्यावर सरसावून बसला आणि खुश झाला. "याला संस्कार म्हणत्यात," तो म्हणाला. "एवढा पुण्यात गेला, पर मोठ्याचा मान इसरला न्हाई पोरगा." शेजारच्या गृहस्थांनी मान डोलावली. नवराही डोलवायला लागला, माझ्याकडे बघून थांबला.

हे संस्कार कुठून आले ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. दौंडच्या रेल्वेच्या मैदानावर मोठी माणसं ड्युटी उरकून खेळायला यायची. त्यांच्याकडे तासभर असायचा. लहान पोरांना ते खेळात घ्यायचे, पण एका अटीवर: गोलसमोर मोठा माणूस उभा असेल तर बॉल त्याला द्यायचा. पोरगं गोलकडे पळायला लागलं की कडेनं ओरडा व्हायचा, मोठ्याला दे. माझा भाऊ तिथंच खेळला, आजोळी येऊन-जाऊन माझा मुलगाही तिथंच शिकला.

मुलगा अकरा वर्षांचा असताना एका पंधरा ऑगस्टला मोठ्यांचा आणि पोरांचा मिसळून सामना होता. भाऊ गोलसमोर हात वर करून उभा होता. मुलानं त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतः गोल मारला. भाऊ मैदानातून निघून गेला. दुपारी भरल्या ताटावरून उठला. मग मी काय केलं? मुलाचा कान धरून त्याला मामाच्या पाया पडायला लावलं, परत असं करणार नाही म्हणून वदवून घेतलं. सगळे जेवायला बसले, माझ्या मते विषय मिटला. मी सांगितलेलं त्यानं अकरा वर्षं पाळलं.

मी ते त्या रविवारी बोलून दाखवलं. भाऊ म्हणाला, मला ते आठवतसुद्धा नाही.

दाराशी आमच्या भागातले चाचा बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, दौंडच्या तीन पिढ्यांना त्या मैदानावर खेळवलेले. हंगामभर ते या वादात काही बोलले नव्हते. ते भावाला म्हणाले, "बेटा, तो नियम आमच्या ड्युटीपायी होता. तासभरच मिळायचा खेळायला."

"पर चाचा, तुम्हीच तर शिकवला."

"शिकवला की. पर आम्हाला गोल मारायचा पगार न्हवता. त्याला हाय."

भावानं हसून विषय गवतावर नेला. मी भांडी न घासता निघाले, असं पहिल्यांदाच.

शिरूरला पोहोचल्यावर मुलाला फोन लावला आणि वही वाचली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, ते बाजूला असताना मी कसा मारणार? मोठे हाईत ते."

"त्यांनी मागितला का तुझ्याकडं बॉल? एकदा तरी?"

"मागायला कशाला लागतंय?"

त्या उत्तरानं माझं डोकं फिरलं, पण राग मुलावर धरला नाही. तो कॅप्टनवर धरला. न मागता आठ वेळा बॉल घेतो, गोल करत नाही आणि तरण्या पोरांच्या जागा जातात, असा हिशेब मी मांडला. पुढचा सामना पुण्यातच, शनिवारी होता. मी रजा टाकली. कॅप्टनला काय बोलायचं ते मुद्दे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. चार मुद्दे होते आणि चारही कडक होते.

मी गोलच्या मागच्या बाजूला, सगळ्यात खालच्या पायरीवर जागा धरली. घरी टीव्हीवर समालोचन करणारे अखंड बोलत असतात. इथं ते नव्हते. खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते स्वच्छ ऐकू येत होतं. शिव्याही, गोलकीपरचं खोकणंही.

उत्तरार्धात उजवीकडून बॉल आला. माझ्या मुलानं तो छान अडवला, एका बचावपटूला चकवलं, समोर गोलकीपर एकटा. डावीकडून कॅप्टन धावत होता आणि धावताना ओरडत होता, "मार, तू मार, तू ही मार." मी माझ्या कानांनी ऐकलं. मुलानं मान वळवली आणि बॉल त्याला दिला. कॅप्टननं मारला तो एका बचावपटूच्या पायाला लागून बाहेर गेला.

कॅप्टननं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग तो माझ्या मुलाजवळ आला. "मेरे को क्यूं देता है?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात मोठेपणा नव्हता, वैताग होता. "कितनी बार बोलूं? सामने गोल है."

माझा मुलगा मान खाली घालून "सॉरी सर" म्हणाला. ती मान मला ओळखीची होती.

चार मुद्दे घेऊन मी तिथं बसले होते आणि ज्याच्यासाठी आणले तो माणूस माझ्याच बाजूनं बोलत होता. तो हंगामभर ओरडत असणार. आम्ही सगळे दौंडमध्ये सोफ्यावर बसून प्रशिक्षक, होस्टेलचं जेवण आणि गवत यांच्यावर बोलत होतो. मला एवढा राग क्वचित आला असेल, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कोणी सापडत नव्हतं.

सामना संपल्यावर मुलगा स्लीपर घालून, बॅग खांद्याला लावून फाटकाबाहेर आला. बाकीची पोरं बसमध्ये चढत होती. मी जेवलास का वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, "पंधरा ऑगस्टला मी तुझा कान धरला, ते माझं चुकलं. आता नीट ऐक. बॉक्समध्ये मोठा कोण, लहान कोण, बघायचं न्हाई. मारायचा."

त्यानं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "म्हंजी आता तू सांगतीस म्हणून मारायचा?"

बसवाल्यानं हॉर्न दिला आणि तो गेला.

उरलेल्या दोन सामन्यांपैकी पहिल्यात त्यानं एकदाच मारला, तो आडव्या खांबावरून गेला. त्याआधी दोनदा थबकला आणि बॉल हिसकावला गेला. शेवटचा सामना मी दौंडलाच बघितला, नवऱ्यानं फार आग्रह केला म्हणून. त्या दिवशी मुलानं तीनदा मारला. एक बाहेर, एक थेट गोलकीपरच्या पोटात. तिसरा मारला तेव्हा कॅप्टन डावीकडे मोकळा होता आणि भाऊ सोफ्यावरून उठून टीव्हीला सांगत होता, आरं, त्याला दे की. मुलानं तिकडे पाहिलंच नाही. बॉल वरच्या कोपऱ्याकडे गेला, गोलकीपरनं बोटांनी तो बाहेर ढकलला. सामना शून्य-शून्य सुटला. चाचा दारातून म्हणाले, "चांगला मारला." भाऊ म्हणाला, पोरगं शेफारलंय, एकट्यानं खेळायला लागलंय, म्हणूनच गोल होत न्हाईत. म्हणजे त्याच्याकडे आता नवीन कारण होतं.

आठ दिवसांनी मुलगा बॅग आणि गादीची वळकटी घेऊन शिरूरच्या एसटी स्टँडवर उतरला. मी स्कूटी घेऊन गेले होते. संघानं दुसऱ्या एका फॉरवर्डला ठेवलं होतं. घरी येऊन हातपाय धुतल्यावर तो मला म्हणाला, प्रशिक्षकानं त्याला शेवटी बोलावून घेतलं होतं. शेवटच्या सामन्यातलं मुलाचं खेळणं आवडलं, असं प्रशिक्षक म्हणाला.

"मग?"

"म्हणाला, हे मला सहा सामने आधी पाहिजे होतं."

त्यानं ते तक्रारीसारखं सांगितलं नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं आणि पोळ्या आहेत का विचारलं.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. बातमी नवऱ्यानं पोहोचवली होती. भावानं माझी विचारपूस केली, आणि मग त्याचा तो आवाज लागला, रविवारचा. "पोराचं नेमकं कुठं चुकलं, सांगू का तुला?"

"नको," मी म्हणाले. "मला म्हाईत हाय, दादा. तो आपलं ऐकत राहिला, तिथं चुकलं. तुम्ही ताटावरून उठला आन् मी त्याचा कान धरला. एवढं दोनच हाय, बाकी काय शोधू नका."

मग तो म्हणाला, "म्हंजी मोठ्याला मान द्यायचाच न्हाई का?"

"जेवायला या, पहिलं ताट तुम्हाला वाढते. पर त्याच्या खेळाबद्दल हितून पुढं माझ्या घरात तुम्ही बोलायचं न्हाई."

भावाला असं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्यानं फोन ठेवला.

मुलगा मागच्या महिन्यात कोल्हापूरला एका संघाच्या चाचणीला जाऊन आला. त्यांचा निरोप अजून आलेला नाही. कसं झालं ते विचारायला दौंडहून फोन आला नाही. मीही केला नाही.