शेऱ्याचा रकाना

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड, ते तिला ओळखणाऱ्यांना विचारा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि परवा कॉलेजात जे बघून आलो त्यानंतर गप्प बसवत नाही. पण आधी थोडी बढाई मारू द्या. पस्तीस वर्षं प्राध्यापकी केलेल्या माणसाला त्याशिवाय सुरुवात करता येत नाही.

तर — आम्ही जिंकलो होतो. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात विद्यापीठानं उन्हाळी वर्ग ऑनलाइन घ्यायचं ठरवलं. उन्हाळी वर्ग म्हणजे राहिलेल्यांचा वर्ग. दुसऱ्या वर्षाचा एखादा पेपर ज्यांचा गेला, त्यांना सुट्टीत पुन्हा शिकवायचं आणि पुन्हा परीक्षा घ्यायची. सुटला तर तिसऱ्या वर्षाला, नाही सुटला तर वर्ष गेलं. माझा विषय संख्याशास्त्र. चाळीसेक मुलं, त्यातली निम्मी सुरगाणा-पेठकडची, होस्टेल बंद झाल्यावर गावी परतलेली. आणि परीक्षेला बसलेल्यांपैकी दोन-तीन सोडून सगळी पास झाली. सगळी, हो. मी शिकवायचो तेव्हा असं कधी झालं नव्हतं. हे वाक्य जरा ध्यानात ठेवा.

मी शिकवायचो कसा? फळ्याकडे तोंड, मुलांकडे पाठ. खडू चालला पाहिजे, बाकी जग गेलं उडत. ऑनलाइनचा हुकूम आल्यावर मी गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चांगला मोठा फळा टांगला, समोर स्टुलावर डाळीच्या डब्याला टेकवून फोन ठेवला आणि तीन दिवस घसा फोडून शिकवलं. तीन दिवस कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, काय शिस्त आहे. चौथ्या दिवशी वनिता भोये नावाच्या मुलीचा फोन आला. ‘सर, राग नका मानू. फळा दिसतच नाय. तुमची पाठच दिसते.’

बायको हसून हसून सोफ्यावर बसली. म्हणाली, ‘इतकी वर्षं पोरांनी हेच बघितलं असणार, सांगायची हिंमत आत्ता कुणाला तरी झाली.’ मीही हसलो. पण त्या मुलीचा थोडा राग आला होता, हेही खरं. सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी, माझ्याच पेपरात नापास झालेली, आणि मला माझी पाठ दाखवते?

मग मी पद्धत बदलली. दुसऱ्या दिवशीच्या धड्याचे माझे कागद दुपारीच फोटो काढून ग्रुपवर टाकायला लागलो. ज्यांना रेंज नाही त्यांनी निदान वाचावं म्हणून. वनिताच्या पाड्यावर रेंज नव्हतीच. गावाबाहेर पाण्याची टाकी होती, तिच्या जिन्यावर चढलं की मिळायची, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. वर्ग सुरू झाला की तिचं नाव पडद्यावर यायचं, दहा मिनिटांनी जायचं, परत यायचं, जायचं. पण फोटो एकदा उतरवून घेतले की तिचं काम व्हायचं. ती ते वाचायची आणि आपल्या भागातल्या मुलांसाठी फोनवर बोलून समजावून ठेवायची — चार-पाच मिनिटांची क्लिप, टाकीवरून पाठवून द्यायची. हे मला ठाऊकच नव्हतं. एका पोरानं चुकून तिची एक क्लिप मलाच पाठवली, तेव्हा कळलं.

मी ती ऐकली. मग परत ऐकली. धडा होता क्रमचयाचा, म्हणजे माणसं किंवा वस्तू किती वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडता येतात त्याचा. माझ्या कागदावर होतं ‘समजा, चार वस्तू अ, ब, क, ड’. वनिता म्हणत होती, आपली सुरगाण्याची जीप घ्या. मधल्या सीटवर चौघं बसवायचेत. एक म्हातारी हाय, तिला खिडकीच पायजे, नायतर तिला उलटी व्हते. दोघी जावा हायेत, त्यांचं बोलणं बंद हाय, शेजारी बसवल्या तर गाडीत भांडण. आणि चौथा एक गरीब माणूस. आता सांगा, किती तऱ्हांनी बसवाल?

करून बघा. उत्तर चार येतं. म्हातारी या खिडकीला नाहीतर त्या, आणि गरीब माणूस दर वेळी दोन जावांच्या मधे. त्याची काही सुटका नाही. क्लिपमध्ये ती तिथं हसते, आणि मागून वारा ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात काय केलं असेल? कागद बाजूला ठेवला, स्टुलाकडे तोंड केलं आणि म्हणालो, ‘मुलांनो, सुरगाण्याची जीप घ्या.’ तिचं नाव घेतलं नाही. मनात म्हटलं, घेऊ नंतर. आणि काय सांगू तुम्हाला — ते काळे चौकोन जिवंत झाले. एकेक माइक उघडला. कुणी म्हणालं, सर, म्हातारीला ड्रायव्हरजवळ बसवा. कुणी म्हणालं, सर, माझी आजी तश्शीच आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तासाला पोरं हसली, आणि मला हसली नाहीत. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

त्या आनंदाची चटक लागली. मी वनिताला निरोप पाठवला की तू करतेस ते चांगलं आहे, पण चूक जायला नको, म्हणून क्लिप आधी मला तपासायला पाठवत जा. ती बिचारी रोज संध्याकाळी टाकीवर चढून पाठवायची. खाली लिहायची, ‘सर, बरोबर आहे का बघा.’ मी उत्तर द्यायचो, ‘ठीक. अजून सुधारणा हवी.’ आणि सकाळी तिचा शब्दन् शब्द माझ्या तोंडून. नागलीच्या रोपांवर संभाव्यता, भाताच्या खाचरांवर सरासरी, लग्नाच्या पंगतीवर आणखी काय काय. कशात सुधारणा हवी होती? कशातच नाही. ते मी का लिहीत होतो, हे आज मलाही नीट सांगता येणार नाही. लिहीत होतो, एवढं खरं.

आमच्या वर्गाची बातमी वर पोचली. माझ्या तासांची रेकॉर्डिंग मागवली गेली, दुसऱ्या कॉलेजांना पाठवली गेली. कोण कुठले प्राध्यापक फोन करून म्हणायला लागले, सर, जीपचं उदाहरण म्हणजे कमाल, सुचलं कसं? मी म्हणायचो, अहो, मुलांमध्ये मिसळलं की सुचतं. मी! मुलांना इतकी वर्षं पाठ दाखवलेला माणूस.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, मास्तरांनी विद्यार्थिनीचं उदाहरण ढापलं, एवढंच ना? एवढंच असतं तर मी मिश्कीलपणे कुठल्या तरी समारंभात सांगून टाळ्या घेतल्या असत्या. एवढंच नाही.

परीक्षेला बसायला तीन-चतुर्थांश हजेरी लागत होती. अगदीच अन्याय नको म्हणून हजेरीच्या तक्त्यात शेवटी एक रकाना होता — शेरा. रेंजअभावी ज्याची हजेरी भरत नाही, त्याच्यापुढे शिक्षकानं लिहायचं की यानं घरी अभ्यास केला आहे, आणि त्या अभ्यासाचा पुरावा जोडायचा. की मुलगा परीक्षेला बसला. मी असे शेरे सढळ हातानं लिहिले. वह्यांचे फोटो जोडले. वनिताचं नाव आलं. तिची हजेरी निम्मीसुद्धा नव्हती.

आणि तिचा पुरावा काय होता? तिनं वहीत काही फार लिहिलं नव्हतं. तिचा अभ्यास म्हणजे त्या क्लिपा. त्या जोडायच्या म्हणजे वर कुणीतरी त्या ऐकणार, जीप ऐकणार, म्हातारी ऐकणार, तारीख बघणार — माझ्या तासाच्या आदल्या संध्याकाळची. मग?

मी पेन हातात धरून बराच वेळ बसलो होतो. वनिताच्या बापाचं काय ठरलं होतं तेही मला माहीत होतं, तिनंच पहिल्या फोनवर सांगितलं होतं. यंदा पेपर सुटला तर पुढं शिक, नाहीतर थोरल्या बहिणीसारखी दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला चल. सगळं माहीत असताना मी तो रकाना कोरा सोडला आणि खाली सही केली.

यादी लागली तेव्हा तिचा फोन आला. रडली नाही. ‘सर, माझं नाव यादीत नाय. काहीतरी चुकलं असंल.’ मी म्हणालो, नियम आहे, हजेरी कमी पडली, मी काय करणार. वाऱ्यातून तिचा आवाज आला, ‘बरं सर.’ मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिनं विचारलं — ‘सर, परीक्षा व्हईपर्यंत बाकीच्यांसाठी क्लिपा पाठवू ना?’

आणि मी म्हणालो, पाठव.

तिनं पाठवल्या. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत पाठवल्या, आणि मी शिकवल्या. बाकीची पोरं पास झाली. मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, माझ्या अभिनव अध्यापनावर कुणीतरी भाषण केलं. शाल हॉलमधल्या काचेच्या कपाटात आहे. ज्या भिंतीवर फळा होता, तिथंच. वनिता त्या हिवाळ्यात द्राक्षांच्या बागेत होती.

आता जिंकण्याची खरी गोष्ट. ती बागेत राहिली नाही. काम करता करता पुढच्या उन्हाळ्याला पेपर दिला, आणि त्या विषयात कॉलेजात पहिली आली. बापानं हात टेकले. तिसरं वर्ष, मग एमएस्सी, मग प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा. हे सगळं मला इकडून तिकडून कळत होतं, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण दर बातमीला मला पेढे वाटावेसे वाटायचे. वाटले मात्र नाहीत. कुठल्या तोंडानं वाटणार?

परवा लायब्ररीची राहिलेली पुस्तकं परत करायला कॉलेजात गेलो होतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी पाय आपोआप जुन्या वर्गाकडे वळतात. आतून हसण्याचा कल्लोळ. दाराच्या फटीतून बघितलं. वनिता भोये, आता तासिका तत्त्वावर लागलेल्या मॅडम, माझ्या फळ्यासमोर उभ्या. फळ्याला पाठ, मुलांकडे तोंड. जीप भरत होती. काय शिकवते हो ती! मी अशी जीप कधीच भरली नव्हती. मी नक्कल करत होतो, तिची गाडी खरीच सुरगाण्याला निघाली होती. ऊर भरून आला माझा. दारात उभं राहून टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं.

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हे त्या जुन्या सरांचं फेमस उदाहरण ना? आम्ही व्हिडिओ बघितलाय.’

आता ती सांगेल, असं वाटलं. सांगावं, असंही वाटलं.

‘जीप सगळ्यांचीच असते रे,’ ती म्हणाली. ‘चल, सांग, म्हातारी कुठं बसवायची?’ सगळा वर्ग ओरडला, खिडकीत. मी तिथून निघून आलो.

घरी येऊन त्या तक्त्याची माझ्याकडची प्रत काढली. तो रकाना अजून कोराच आहे. पाच वर्षांनी त्याला काही किंमत नाही, तिचं गेलेलं वर्ष त्यानं परत येत नाही, आणि तिला आता माझ्या सहीची गरजही नाही. तरी लिहिलं. त्या रकान्यात आता एवढंच आहे —

वनिता भोये. हजेरी अपुरी, गावात रेंज नाही. या वर्गाला हिनं शिकवलं.