पूजा झालेलं मशीन

दसऱ्याची सकाळ. चक्का पुरणयंत्रातून काढून झाला होता, झेंडूची माळ अर्धी ओवून परातीत पडली होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस घाईत तरी असतो, नाहीतर घाबरलेला. रावसाहेब दोन्ही होते.

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे.

“वहिनी, नम्रताला जरा समजवा. माझ्या दारासमोर टेबल मांडलंय तिनं. वर्षाचा धंदा आज असतो माझा.”

“टेबल मीच दिलंय तिला,” मी म्हटलं. “पाणी देऊ?”

नम्रता वानखडे आमच्या वरच्या मजल्यावर राहते. वाशीमहून शिकायला आली आणि इथलीच झाली. न बांधलेली घरं पडद्यावर उभी करून बिल्डरांच्या गिऱ्हाइकांना ती आतून फिरवून आणते. नोकरी सोडून तिनं हे स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा मागच्या दसऱ्याला रावसाहेबांकडूनच एका चांगल्या कंपनीचा कॉम्प्युटर घेतला. मुहूर्ताची वस्तू आपण आधी चालवून कुठे बघतो? स्वस्तिक, हळदकुंकू, झेंडू, नारळ. सगळं यथासांग झालं. ओवाळलं मीच.

पुढच्याच आठवड्यात सातारा रोडच्या एका बिल्डरकडे तिनं पहिलं काम दाखवायला नेलं. पडद्यावरचं घर दारातून हॉलमध्ये गेलं, हॉलमधून स्वयंपाकघरात गेलं आणि तिथंच अडकलं. ओट्याजवळ चित्र गोठलं ते हलेना.

बिल्डर म्हणाला, “आमच्या गिऱ्हाइकांनी बेडरूम कधी बघायची, गृहप्रवेशाला?”

सगळे हसले. काम गेलं, आणि त्या हसण्याची गोष्ट इतर बिल्डरांपर्यंत पोचून पुढची दोन कामंही गेली.

मग तिला कारण सापडलं. तिच्या मैत्रिणीकडे त्याच कंपनीचा, त्याच नावाचा कॉम्प्युटर होता आणि त्यावर तेच घर गच्चीपर्यंत सुरळीत फिरून आलं. आत चित्र काढणारं जे ग्राफिक्स कार्ड असतं, त्याचं नावही दोन्हीकडे एकच. पण मैत्रिणीच्या कार्डावरची मेमरी वेगवान, हिच्या कार्डावरची जुनी, मंद. कंपनी दोन्ही बनवते आणि खोक्यावर दोन्हींचं नाव सारखंच छापते.

भाजी निवडता निवडता तिनं मला समजावलं होतं, “काकू, दोन्ही पेट्यांवर हापूस लिहिलेलं. एकीत रत्नागिरीचा, दुसरीत कर्नाटकचा. दुकानदाराला माहीत असते, आपल्याला नसते.”

रावसाहेबांना माहीत होतं. दोन्ही तऱ्हेची खोकी त्यांच्याच फळीवर होती. नम्रता मशीन बदलून मागायला गेली तेव्हा त्यांनी त्यावरच्या कुंकवाच्या बोटाकडे बघून म्हटलं होतं, “कुंकू लागलंय, नारळाचं पाणी उडालंय. पूजा झालेला माल मी परत घेत नाही. देवाला तरी विचारून घ्यायचं होतं.”

दुकानात चार माणसं होती. तीही हसली. त्या दिवसापासून नम्रताचं त्यांना ‘काका’ म्हणणं बंद झालं.

वर्षभर ती सुटीच्या दिवशी नारायण पेठेपासून सगळीकडची दुकानं गिऱ्हाईक होऊन फिरली. कोणती कंपनी एकाच नावाखाली काय काय बसवते, ते विचारत राहिली. “सेमच असतं मॅडम,” हे उत्तर तिला पाठ झालं. मिळतील ती बारीकसारीक कामं करून तिनं वेगवान कार्डाचं मशीन घेतलं. जुनं विकलं नाही. त्यावरचं कुंकूही पुसलं नाही.

“अजून राग आहे का गं?” एकदा मी विचारलं.

“राग नाही काकू. आता मजा येऊन राहिली.”

रावसाहेबांना घेऊन मी खाली गेले. टेबलावर दोन मशीन शेजारी शेजारी, दोन्हींना झेंडूचे हार. दोन्ही पडद्यांवर तेच घर. एक गच्चीत पोचलेलं, दुसरं ओट्यापाशी अडकलेलं. खरेदीला आलेली माणसं दुकानात शिरायच्या आधी तिथंच थबकत होती. एक आजोबा चष्मा वर करून म्हणाले, “हे बिचारं अजून पोळ्याच लाटतंय.”

या वेळी रावसाहेब सोडून सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही पोटभर हसले.

“नम्रता,” रावसाहेब हळू आवाजात म्हणाले, “नवीन मशीन देतो. आत्ता. वरच्या दर्जाचं. हे आवर.”

“पूजा झालीय याची,” ती म्हणाली. “परत कसं घेता?”

त्यांनी जमलेल्या माणसांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “तुला हवंय तरी काय?”

तिनं हारातलं एक सुकलं फूल काढून बाजूला ठेवलं.

“तुमच्या फळीवरच्या प्रत्येक खोक्यावर आतलं कार्ड वेगवान आहे की मंद, ते तुमच्या हातानं मराठीत ठळक लिहा, दुकानदारसाहेब. पूजेच्या आधी वाचता येईल एवढं.”