ताग्यावरची ताई

आमच्या घरी जिवंत माणसाचा फोटो काढत नसत. आयुष्य कमी होतं म्हणे. त्यामुळे ताई तापाने गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता. आबा दरबारच्या कामावर दूर भेलशाला. ते पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. आईने छावणीतल्या फोटोग्राफरला बोलावलं. ताईला लोडाला टेकवून बसवलं. तिचे मिटलेले डोळे त्याने नंतर फोटोच्या काचेवर रंगवून उघडले. 'आजारी पडण्याआधीचा आहे,' असं आईने आबांना सांगितलं आणि मला दटावून गप्प केलं.

आबा रोज त्या फोटोशी बोलत. मला त्या खोलीत जायची भीती वाटे.

काही वर्षांनी आईबरोबर माधवगंजच्या बाजारात कापड घ्यायला गेले. दुकानदाराने विलायती मलमलीचा तागा पुढ्यात टाकला. त्यावर चिकटवलेल्या रंगीत चित्रातून ताई बघत होती. नाकात नथ, हातात कमळ. मागे फळीवर ताग्यांची चळत होती आणि प्रत्येकावर तीच. आईने पुढ्यातला तागा पालथा घातला.

फोटोग्राफर फोटोची ती मूळ काच मुंबईच्या कापड व्यापाऱ्याला विकून गाव सोडून गेला होता. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं मेल्याने. मला अजून राग येतो.

"माझी पोर बाजारात मांडलीय," आबा म्हणाले आणि एक चित्र सोलून घेऊन आम्हा दोघींसह वकीलसाहेबांकडे गेले.

"इथं रियासतीचा कायदा, मुंबईत अंग्रेजांचा, अन् छापलंय विलायतेत," वकीलसाहेब म्हणाले. "हक्क कोणाचा, ते तीन जागी ठरवावं लागेल. पण सवाल सगळीकडे तोच येणार. तस्वीर कोणी काढवली, अन् कब? शपथेवर सांगावं लागेल."

आबांनी आईकडे पाहिलं. ती गप्प राहिली असती तर ताई कायमची बाजाराची झाली असती.

"मी काढवली," आई म्हणाली. "ती गेल्यावर."

"माहीत आहे," आबा म्हणाले. "तिचे डोळे घारे होते. फोटोतले काळे आहेत."

"मग रोज बोलत कोणाशी होतात?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ताईचे डोळे रंगवताना फोटोग्राफरने मलाच समोर बसवलं होतं. मेजावरच्या चित्रातून माझे डोळे माझ्याकडे बघत होते, आणि विलायतेत ते कोणाच्या मालकीचे, हे अजून ठरायचं होतं.