हळदीकुंकवाची नोट

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेचे गिरीशकाका जुन्या नोटांच्या बाबतीत अगदी सोवळ्यातले. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या गावोगावच्या बँका आपापल्या नावाच्या नोटा काढत. काकांना त्यांचा भारी नाद. बँक कुठली, तिच्या नोटा किती उरल्या, घड्या-डाग किती, हे बघून ते भाव सांगत. डाग दिसला की त्यांचं तोंड कडू होई. निवृत्त झाला तरी इंजिनिअरच तो, त्याला डाग कसा खपणार!

अशा माणसाच्या बायकोनं काय करावं? एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाला घरात रोख नोट सापडेना, सगळा कारभार कार्डावर. तेव्हा सुलभाकाकूंनी काकांच्या अल्बममधली पाच डॉलरची जुनी नोट काढून चौरंगावर ठेवली आणि कोपऱ्यावर ठसठशीत हळदीकुंकू लावलं. काका ओरडले, तर म्हणतात कशा, "अहो, लक्ष्मीच ना ती? मग कोंडून काय ठेवता?" काकांनी अबोला धरला आणि नोट मिळेल त्या भावाला विकून टाकली.

काकू जाऊन आता दोन वर्षं झाली. घर कसं लख्ख आहे, कुठे डाग म्हणून नाही, आणि तेच घर काकांना खायला उठतं. त्यांना ती नोट परत हवी आहे, दुसरं काही नको. तिच्यासाठी ते जुन्या नोटांचं एकही प्रदर्शन सोडत नाहीत.

यंदा ती सापडली. आठवडाभर आयटीत राबून सुट्टीला नोटा विकणाऱ्या नागपूरच्या यशच्या टेबलावर. तीच बँक, तोच तोंडपाठ नंबर. पण कोपरा कोरा होता. मधल्या कुणीतरी भाव वाढावा म्हणून तो धुतला होता.

"काका, एकदम क्लीन पीस आहे," यश म्हणाला.

"तुझा यूव्ही लॅम्प दे जरा." धुतलेली नोट त्या उजेडात तपासायची, ही काकांची जन्माची खोड.

जांभळ्या उजेडात कोपऱ्यावर एक पिवळा ठिपका उजळला, बोटाच्या टोकाएवढा. कुंकू पार निघून गेलं होतं. हळद मात्र चिवट, ती कुठली जायला!

यश ओशाळला. "सॉरी काका, वॉश केलीय हे मला माहीतच नव्हतं यार. डाग आहे, अर्ध्या किमतीत घ्या."

"अर्ध्या कशाला?" काका लॅम्प न हलवता म्हणाले. "मी त्या डागाचेच तर पैसे देतोय."