कितीतले किती

जगातल्या शंभर सासऱ्यांपैकी नव्व्याण्णव सासरे जावई दारात आला की पाण्याचा तांब्या पुढे करतात, शंभरावे माझे. ते आधी माझ्या बगलेतला पेपर ओढून घेतात, पहिल्या पानावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हे कितीतले किती, बापू?" पाणी त्यानंतर, सासूबाईंच्या हातून. मी पुसदच्या एका छोट्या दैनिकाचा वार्ताहर. त्यामुळे देशात कुठेही, कोणीही टक्केवारी छापली तरी तिचा जाब मलाच द्यावा लागतो. एकदा 'निम्म्या तरुणांना दुपारची डुलकी हवी' अशी काहीतरी बातमी आली होती. मामाजींनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात) मला खाटेवर बसवून विचारलं, "कोणते तरुण? कुठं भेटले? अन् जे तवा झोपूनच होते, त्याईले कोणं विचारलं?" मी चहा मागवून वेळ मारून नेली.

हा रोग त्यांना जिनिंगमध्ये जडला. सारी नोकरी त्यांनी तिथे कापसाचे ग्रेडर म्हणून काढली. बैलबंडी भरून कापूस आला की त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. वरून एक मूठ, कुशीतून एक, आणि खांद्यापर्यंत हात खुपसून बुडातून एक. तिन्ही मुठी उन्हात धरून पाहिल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. "वरचा कापूस साऱ्याईचाच पांढरा राह्यते," असं ते अजून म्हणतात. निवृत्त होऊन गावी येऊन राहिले, पण तो खुपसणारा हात काही निवृत्त झाला नाही. बाजारात ते टोपल्याच्या बुडातलं वांगं उपसून पाहतात, आणि भाजीवाली त्यांना लांबून येताना पाहूनच टोपलं पदराने झाकते. पंगतीत वरणाची बादली आली की वाढप्याला तळापर्यंत पळी फिरवायला लावतात. तोवर मागची सगळी पंगत कोरडा भात चिवडत बसते. माझं स्थळ आलं तेव्हाही त्यांनी तीन मुठी काढल्या. वरची म्हणून माझे मुख्याध्यापक, मधली म्हणून आमचे घरमालक आणि बुडातली म्हणून कोपऱ्यावरचा पानठेलेवाला. मुख्याध्यापक म्हणाले, मुलगा हुशार आहे. घरमालक म्हणाले, शांत आहे. पानठेलेवाला म्हणाला, "पोरगं चांगलं हाये, पण पुरतं आयकून घ्यायच्या आंधीच मान हालवते." मामाजींनी स्थळ पसंत केलं, पण तिसरी मूठ ते विसरले नाहीत.

ती खरी होती, हे मी त्यांच्याच गावात सिद्ध करून दाखवलं. माझी सासुरवाडी महागाव तालुक्यात, फुलसावंगीच्या पुढे. गावातून सकाळी साडेसहाला पुसदला बस जाते. ती बंद करून दुसऱ्या मार्गाला द्यायची, असं एसटीच्या आगारात घाटत होतं. संपादक म्हणाले, गावकऱ्यांचं मत घेऊन या. मी माझ्या गाडीवर अकराच्या सुमारास गावात पोचलो, पारावर दहा जण बसले होते, त्या दहाही जणांना विचारलं. आठ जण म्हणाले, ती बस काही कामाची नाही. मी मान हलवत लिहून घेतलं, सासूबाईंच्या हातची झुणका-भाकर खाल्ली आणि परत आलो. मामाजी घरी नव्हते, याचं मला त्या दिवशी बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा होता: 'ऐंशी टक्के गावकऱ्यांना सकाळची बस नको'. त्याखाली माझं नाव.

दोन दिवसांनी मामाजी माझ्या पुसदच्या घरी हजर. सोबत तांड्यावरची कविता राठोड. ती पुसदला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. रोज त्या बसने जायची, आणि मामाजी डोळे दाखवायला पुसदला निघाले की बसमध्ये त्यांना पेपर वाचून दाखवायची. माझा मथळाही तिनेच त्यांना वाचून दाखवला होता. आगारात ते कात्रण पोचलं होतं; गावालाच नको तर आम्ही तरी कशाला, असं तिथे कोणीतरी म्हणालंही होतं. कविता खाली मान घालून म्हणाली, "बाबा म्हणतेत, खोली करून राहाचं नाई. बस बंद झाली का शिक्षण बंद." एवढंच बोलून ती कॉलेजला निघून गेली. मला घरातल्या घरात तोंड लपवावंसं वाटलं.

मामाजी रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "कितीतले किती?"

"दहातले आठ, मामाजी."

"कुठचे दहा?"

"पारावरचे."

"किती वाजता?"

"अकराला."

"बस किती वाजता जाते?"

"साडेसहाला," म्हणतानाच माझं मला कळलं. बसने जाणारं गाव साडेसहालाच पुसदला गेलं होतं. मी विचारलं ते मागे राहिलेल्या गावाला. खुद्द मामाजी त्या दिवशी त्याच बसने डॉक्टरांकडे आले होते, म्हणून तर घरी नव्हते. "वरवरची मूठ घेऊन तुमी साऱ्या बंडीची प्रत सांगतली, बापू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच घरून, त्यांच्याच बरोबर साडेसहाची बस पकडली. बसायला जागा नव्हती. दुधाचे कॅन, कॉलेजच्या मुली, कोर्टाच्या तारखेला निघालेले दोघे भाऊ, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या. मी एकेकाला विचारत गेलो आणि सगळ्यांनी बस हवीच म्हणून सांगितलं. मी पश्चात्तापाच्या भरात तिथल्या तिथे नवा मथळा रचून मोठ्याने वाचला: 'शंभर टक्के गावकऱ्यांना बस हवीच'. कविता शेजारी उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा उजळला. मामाजींनी मात्र माझी वही मिटवली. "काहून?" मी विचारलं, त्यांच्याच बोलीत. ते म्हणाले, "बसमंदी बसलेल्याईले बस पायजे का म्हणून इचारून राह्यले तुमी. ही बी एकच मूठ हाये." कविता हिरमुसली. तिच्यासाठी तरी ते गप्प बसतील असं मला वाटलं होतं. ते तिला म्हणाले, "पोरी, खोटं लिहिलं तर कोणी बी येऊन ते खोडून टाकीन. खरं लिहू, मंग पाहू."

मग आम्ही तीन दिवस गाव फिरलो. गावठाण, बौद्धवाडा आणि तांडा. दर पाचवं घर, आणि तेही सकाळ-संध्याकाळ, म्हणजे जाणारे आणि राहणारे दोघेही सापडावेत. घराला कुलूप असलं की मी पुढच्या घराकडे वळायचो आणि मामाजी माझ्या सदऱ्याला धरून म्हणायचे, "कुलूपवाल्याईलेच त बस लागते. संध्याकाळी येऊ." साठ घरं झाली. तेहतीस घरांतून कोणी ना कोणी त्या बसने जात होतं. आणखी अकरा घरांचं म्हणणं, बस असू द्या पण अर्धा तास उशिरा सोडा. बाकीच्यांना फरक पडत नव्हता, आणि पारावरचे माझे आठही जण असल्याच घरांतले होते. मी मथळा दिला: 'साठ घरांत विचारलं, तेहतीस घरं सकाळच्या बसवर'. संपादक म्हणाले, असा कुठे मथळा असतो का, आणि बातमी पाचव्या पानावर तळाशी टाकली. सरपंचांनी ती बातमी आणि साठ घरांची यादी आगारात नेऊन दिली. बस राहिली. सुटते मात्र साडेसहालाच.

मागच्या महिन्यात मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात थेंब टाकायला आली ती कविता, पांढऱ्या कोटात. मामाजींनी खाटेवरूनच विचारलं, "हे ऑपरेशन चांगले होतेत ना, पोरी? कितीतले किती?"

"मले नाई माहीत, काका," ती म्हणाली. "माझ्यासमोर आता एकच डोळा हाये, तुमचा. वर पाहा."

मामाजींनी निमूटपणे वर पाहिलं. पुढचा प्रश्न आला नाही. त्यांना प्रश्न न विचारता पडून राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

डोळा अजून पुरता बरा झालेला नाही, म्हणून सध्या पेपर मीच वाचून दाखवतो आणि जाबही देतो. इथे सुरुवातीला शंभर सासऱ्यांचं जे ठोकून दिलंय, ते मात्र अजून वाचून दाखवलेलं नाही. दाखवीन तेव्हा कितीतले किती हे ते विचारणारच. एकातले एक, मामाजी, असं मी सांगेन. मी सासरा एकच पाहिला, आणि दुसरी मूठ काढून पाहावी असं मला कधी वाटलं नाही.